टायरची न वापरलेली कड

मोटरसायकलच्या मागच्या टायरकडे नीट पाहिलं तर मधला पट्टा झिजलेला दिसतो आणि दोन्ही कडांना बोटभर कोरी पट्टी उरलेली असते. तिथलं रबर नव्यासारखं काळं असतं, कधीकधी कारखान्यातून आलेले बारीक रबरी केसही तिथे शाबूत असतात. पोरं या पट्टीला ‘चिकन स्ट्रिप’ म्हणतात. ज्याची पट्टी रुंद तो घाबरट आणि ज्याने गाडी झुकवून टायर कडेपर्यंत घासला तो रायडर, असा हिशेब आहे. आमच्या नांदगावच्या तिठ्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचंही असंच परीक्षण होतं. मग कुणीतरी पट्टी पुसायला फोंडा घाटात जातो.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या टायरची ती कोरी कड म्हणजे शिल्लक आहे. वळणावर अचानक गाय उभी दिसली, समोरून ट्रक आपल्या बाजूला आला, तर गाडी आणखी थोडी झुकवायला जी जागा लागते ती ही. ती रोजच खर्च करणारा माणूस त्या दिवशी रिकाम्या खिशाने उभा असतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, टायर हा माझा विषय नाही. पण वर्गातून बाहेर पडलेली मुलं भेटली की आता गाड्यांबद्दलच बोलतात. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांना नवा प्रश्न पडलेला असतो : रोजच्या रस्त्यालाही चालेल आणि वर्षातून एकदा रेस ट्रॅकवर जायचं तर तिथेही चालेल, असा टायर कोणता? प्रश्न चांगला आहे. ट्रॅकवर जायची इच्छा तर त्याहून चांगली आहे. फक्त उत्तर शोधताना आपण कुठे राहतो हे विसरून चालत नाही.

आधी टायर काय करतो ते पाहू. एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती फक्त दोन ठिकाणी आणि दर ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या जागेत. ब्रेक, पिकअप, वळण, सगळं त्या दोन तळहातांवर. रबर रस्त्याच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं आणि पकड मिळते. त्यासाठी रबर पुरेसं मऊ हवं आणि मऊ होण्यासाठी ते तापायला हवं. प्रत्येक टायरचं रबर एका ठराविक तापमानाच्या पट्ट्यात काम करावं अशा बेताने बनवलेलं असतं. रस्त्यासाठीच्या टायरला हा पट्टा खालून सुरू होतो, म्हणजे सकाळी गाडी बाहेर काढल्यावर थोड्याच अंतरात तो पकड देऊ लागतो. शर्यतीच्या टायरला मात्र जास्त उष्णता लागते. म्हणून शर्यतीत गाडी ट्रॅकवर जाण्याआधी टायरला विजेची गरम वेष्टणं गुंडाळून ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. नांदगावहून कणकवलीला कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या टायरला अशी वेष्टणं कोण गुंडाळणार? त्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये शर्यतीचं रबर धड तापतही नाही. ‘रेसचा टायर म्हणजे जास्त ग्रिप’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. तापलेला असेल तर जास्त. थंड असेल तर साध्या टायरपेक्षा कमी.

आता आपले रस्ते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आंबोलीत तर सात हजारांच्या आसपास. जूनच्या पहिल्या सरीत महिनोन्महिने साठलेलं तेल आणि धूळ वर येते. जांभ्याची लाल माती पाण्यात कालवली गेली की डांबरावर साबणासारखा थर बसतो. झाडांच्या सावलीतल्या आतल्या रस्त्यांवर श्रावणापर्यंत शेवाळ धरतं. किनाऱ्याकडे वाळू असते. मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी वळणावळणांवर सांडलेलं असतं. घाटाच्या तीव्र वळणांवर ट्रकच्या भरलेल्या टाकीतून डिझेल सांडतं. दाजीपूरच्या बाजूला धुक्यातून गवा कधी समोर येईल सांगता येत नाही. आणि महामार्गाच्या काँक्रीटवरून भरधाव आलेली गाडी गावच्या रस्त्यावर उतरते तेव्हा पृष्ठभाग एका क्षणात बदलतो. अशा ठिकाणी टायरच्या नक्षीचं काम पाणी बाजूला सारून रबराला रस्ता भेटवून देण्याचं असतं. पावसात पकड टिकावी म्हणून आजकालच्या रस्त्याच्या टायरच्या रबरात सिलिका मिसळलेली असते, तीही याच कामी येते.

ट्रॅकसाठीच्या टायरवर नक्षी अगदी थोडी असते आणि कडांना तर नसतेच, कारण कोरड्या डांबरावर जितकं रबर टेकेल तितकं चांगलं. पूर्ण गुळगुळीत स्लिक टायर तर रस्त्यावर चालवणं कायद्यातच बसत नाही. आपल्या नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असायला हवी. मोटोजीपी पाहणाऱ्या मुलांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०२३ मध्ये ही शर्यत ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झाली, तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी ती पाहिली. त्या शर्यतीत मध्येच पाऊस आला तर जगातले सर्वात कुशल रायडरसुद्धा स्लिकवर हिंमत दाखवत बसत नाहीत. ते पिटमध्ये येतात आणि पावसाचे टायर लावलेल्या दुसऱ्या गाडीवर बसून परत जातात. आपल्याला फोंड्याच्या वळणावर पाऊस गाठतो तेव्हा दुसरी गाडी कुठून येणार?

तरीही ट्रॅकवर जाऊ नये असं मी म्हणत नाही. उलट जमेल त्याने जावं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. गुरं नाहीत, शाळेतून सुटलेली पोरं नाहीत, पडलं तर घसरत जायला मोकळी जागा असते, चामड्याचा सूट आणि पूर्ण हेल्मेट सक्तीचं असतं, ॲम्ब्युलन्स उभी असते. ब्रेक कधी लावायचा, नजर कुठे ठेवायची, हे तिथे शिकलेलं रस्त्यावरही जीव वाचवतं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, तो सुमारे दोन किलोमीटरचा. देशातल्या दुचाकी शर्यती मुख्यतः या दोन ठिकाणी वाढल्या. चेन्नईचा के. वाय. अहमद टीव्हीएसच्या संघातून राष्ट्रीय पातळीवर धावला आहे, तिथलीच रेहाना बी मुलींच्या गटात धावली आहे. आपल्या मोहल्ल्यातल्या मुला-मुलींना ही नावं माहीत असायला हवीत. वेगाची आवड असणं हा काही गुन्हा नाही आणि तिला बाकायदा वाट आहे, एवढं तरी त्यातून कळेल.

आता अंतराचा हिशेब करू, कारण टायरचं उत्तर त्यातच आहे. नांदगावहून चेन्नई काय किंवा कोइम्बतूर काय, हजारेक किलोमीटर. जाऊन-येऊन दोन हजार. ट्रॅकवर दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांच्या पाच-सहा फेऱ्या मिळतात, त्यात गाडी फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर पळते. म्हणजे खास ट्रॅकसाठी केलेल्या सफरीतसुद्धा टायर दोन हजार किलोमीटर सरळ महामार्गावर आणि जेमतेम शंभर किलोमीटर ट्रॅकवर चालतो. अगदी मऊ रबराचा टायर असेल तर त्याच्या आयुष्याचा मोठा भाग महामार्गावरच संपतो. वर मधला भाग घासून टायर चपटा होतो, पोरांच्या भाषेत ‘चौकोनी’ होतो, आणि असा टायर वळणात गाडी सरळपणे झुकू देत नाही, मध्येच धपकन पाडल्यासारखी झुकवतो. ज्या ट्रॅकसाठी टायर घेतला त्याच ट्रॅकवर पोहोचेपर्यंत तो बिघडलेला असतो.

म्हणून माझं उत्तर साधं आहे. वर्षाचे ३६० दिवस ज्या रस्त्यावर जाणार त्या रस्त्यासाठी टायर घ्या, आणि ट्रॅकच्या दोन दिवसांसाठी तो पुरेसा आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तो पुरेसा असतो. दुकानात टायरचे ढोबळ चार वर्ग मिळतात. पहिला लांब प्रवासाचा, स्पोर्ट-टूरिंग म्हणतात तो, जसं मिशेलिनची रोड मालिका किंवा पिरेलीची एंजल. दुसरा रस्त्यावरचा स्पोर्ट टायर, जसं पिरेलीची डायब्लो रोसो किंवा मेट्झलरची स्पोर्टेक. तिसरा रस्त्यावर परवानगी असलेला पण मनाने ट्रॅकचाच, जसं पिरेलीची सुपरकोर्सा किंवा मिशेलिनची पॉवर कप. चौथा स्लिक. कोकणातल्या माणसाने पहिल्या दोनांच्या पलीकडे जाऊ नये. पावसाळ्यातही गाडी रोज लागणार असेल तर पहिला. गाडी उन्हाळ्या-हिवाळ्यातच जास्त चालत असेल आणि वर्षाला दोन-तीनदा ट्रॅक होत असेल तर दुसरा. यांतल्या काहींच्या मागच्या टायरला मध्ये टणक आणि कडांना मऊ असं दोन प्रकारचं रबर असतं. आपल्यासारख्या दोन्हीकडे पाय ठेवणाऱ्यांना ते सोयीचं. परदेशी जोडी महाग पडते, म्हणून देशी टायर घेतला तरी कमीपणा नाही. एमआरएफ, सिएट, अपोलो आणि टीव्हीएस युरोग्रिप यांचे चांगले स्पोर्ट टायर मिळतात. दोनशे-चारशे सीसीच्या गाडीवर नवखा माणूस ट्रॅकवर गेला तर टायरची सीमा येण्याच्या फार आधी त्याची स्वतःची सीमा येते. ज्याला खरोखरच दर महिन्याला ट्रॅक करायचा आहे त्याने दुसरी चाकांची जोडी ठेवावी आणि गाडी पिकअपमध्ये घालून न्यावी.

यावर एक आक्षेप येतो : मऊ टायर असेल तर अचानक ब्रेक लावताना रस्त्यावरही उपयोग होईल ना? कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर होईल. पण अचानक ब्रेक लावायची वेळ टायर तापल्याची वाट पाहत नाही. ती घरातून निघाल्यावर पाचव्या मिनिटालाही येते, आणि आपल्याकडे बऱ्याचदा भर पावसात येते.

टायर घेताना बाजूच्या भिंतीवरचं लिखाण वाचता यायला हवं. १५०/६० आर १७, ६६ एच असं लिहिलं असेल तर रुंदी १५० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६० टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १७ इंची रिम, ६६ म्हणजे ३०० किलो वजन पेलण्याची क्षमता आणि ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी. ‘आर’च्या जागी आडवी रेघ असेल तर तो साधा बायस टायर. गाडीला कंपनीने दिलेलं माप बदलू नका. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो बाजूंनी आवळला जातो, त्याचा मूळ आकार बिघडतो आणि दिसायला भारदस्त असला तरी वळणात कमी पडतो. तिथेच चार आकडे असतात, उदाहरणार्थ ३२२३, म्हणजे २०२३ सालातला बत्तिसावा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेलं रबर स्वस्तात मिळालं तरी नको. नवा टायर बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा, त्याचा पृष्ठभाग अजून निसरडा असतो.

आणि हवा. ट्रॅकवर टायर खूप तापतो आणि आतली हवा वाढते, म्हणून तिथे रस्त्यापेक्षा कमी हवा ठेवतात. किती, ते तिथल्या प्रशिक्षकाला विचारावं. पण परत निघण्याआधी हवा पूर्ववत भरलीच पाहिजे. कमी हवेच्या टायरने खड्ड्यात चाक आपटलं तर रिम वाकते, आणि सरळ रस्त्यावर टायर आतून जास्त तापून खराब होतो. घरी हवा तपासायची ती सकाळी, गाडी थंड असताना.

हे सगळं ज्ञान मोबाईलवर आहे, तसं ते रस्त्याकडेच्या पंक्चरच्या टपरीतही आहे. ‘पंक्चरवाला’ हा शब्द गेली काही वर्षं आपल्याला हिणवायला वापरला जातो. मुसलमानाचा पोरगा शेवटी पंक्चरच काढणार, असं समाजमाध्यमांवर हसत लिहिलं जातं. आपल्या पोरांनाही मग त्या टपरीची लाज वाटते. मला यात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मुलांनी शिकून इंजिनीअर व्हावं, रबराचे रसायनतज्ज्ञ व्हावं, टायर बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या पदावर जावं, यासाठीच तर आम्ही शिक्षक खपतो. पण म्हणून जो माणूस दिवसाला कितीतरी टायर हातात घेतो त्याचं ज्ञान हलकं होत नाही. टायर मध्येच का झिजला, एका बाजूने का झिजला, भिंतीला चिरा का पडल्या, पुढचा टायर करवतीसारखा का झालाय, हे तो बोट फिरवून सांगतो. ज्या पंक्चरवर पट्टी लावून घरापर्यंत जाता येईल पण ट्रॅकवर जाता येणार नाही ते पंक्चर त्याला ओळखता येतं. गोटा झालेल्या टायरने आलेल्या पोराला ‘आता बस्स, बदल’ असं सांगणारा पहिला माणूस तोच असतो. त्याचं ऐका. आणि त्याला ‘चाचा’ म्हणताना तोंडात आदर असू द्या.

आता पालकांशी थोडं बोलायचं आहे. आपल्या भागातले कितीतरी बाप कुवेत, कतार, दुबईत किंवा जहाजावर आहेत. मुलगा बारावी झाला की मोठी गाडी येते, त्यात लांब राहिलेल्या बापाची माया असते हे मी समजतो. पण गाडीसोबत हेल्मेट, बूट आणि दर दोन-तीन वर्षांनी टायरचे पैसेही पाठवा. सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवायला पोरांकडे पैसे असतात, टायरसाठी नसतात. इस्राफ म्हणजे उधळपट्टी, तिला आपल्या दीनमध्ये जागा नाही. वेळेवर बदललेला टायर म्हणजे इस्राफ नव्हे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर म्हणजे इस्राफ. मुलगा अठराच्या आतला असेल तर गिअरची गाडी देऊच नका. कायद्याच्या १९९ अ कलमाखाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते : साध्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर जाताना आपली पॉलिसी वाचून जा.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्या माणसाला आधी तो बांध आणि मग भरवसा ठेव, असं नबी (स.) यांनी सांगितल्याची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. तवक्कुल याचा अर्थ तोच आहे. गोटा टायर, डोक्यावर हेल्मेट नाही आणि ओठांवर बिस्मिल्लाह, याला तवक्कुल म्हणत नाहीत. अपघात झाल्यावर ‘नसीब’ म्हणून आपण मोकळे होतो, पण टायरवरची नक्षी किती उरली हे नसीबाने नाही, डोळ्यांनी पाहायचं असतं. शरीर ही अमानत आहे, आणि रस्त्यावरून चालणाऱ्या दुसऱ्या माणसाचं शरीर तर आपली मिळकतही नाही.

शब-ए-बरातच्या रात्री मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत आपलीच काही पोरं टोळीने स्टंट करतात. पोलिसांना नाकाबंदी करावी लागते, मशिदींतून आवाहन करावं लागतं. इबादतीची रात्र आणि चाक हवेत! ३१ डिसेंबरच्या रात्री इतर पोरंही हेच करतात, हे खरं आहे. पण दुसऱ्याची चूक दाखवून आपली धुतली जात नाही. त्या पोरांना फक्त शिव्या देऊन काम होणार नाही. वेगाला जागा द्यावी लागेल. महाराष्ट्रात मोटरसायकलसाठी चेन्नई-कोइम्बतूरसारखा मोठा ट्रॅक वर्षानुवर्षं नव्हता. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ड्रॅग शर्यती झाल्या, पुणे-नाशिकला मातीवरच्या सुपरक्रॉस शर्यती झाल्या, कोल्हापूरजवळ हुपरीकडे मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. आपल्या जिल्ह्यात यांतलं काहीच नाही.

मोठा ट्रॅक मागणं हे आज स्वप्न आहे, पण एक लहान मागणी करता येईल. ओरोसला सिंधुदुर्गनगरीत परिवहन कार्यालय आहे, तिथे वाहनचालकांची परीक्षा घेतात. महिन्यातून एका रविवारी एखादं मोकळं, बंद मैदान आखून तिथे मुलांना ओल्या आणि कोरड्या जमिनीवर ब्रेक लावायला, वळणात नजर ठेवायला शिकवता येईल. जमातीने पेट्रोलचा आणि चहाचा खर्च उचलावा, टायर तपासायला तिठ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांना सन्मानाने बोलवावं. कोणत्याही धर्माचं पोर येऊ दे. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात हे झालं तर उत्तम, कारण तेव्हाच टायर बदलायची वेळ असते.